माझगावच्या जीपपासून फॉर्म्युला ईपर्यंत: महिंद्रा रेसिंगच्या गाड्या, ड्रायव्हर आणि बॅटरीचे टक्के

फोन २ टक्क्यांवर आला की आपण काय करतो? ब्राइटनेस कमी, डेटा बंद, आणि घरी पोहोचेपर्यंत स्क्रीनला हात लावायचा नाही. आता हेच काम ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगानं, मागे वीसेक गाड्या लागलेल्या असताना करायचं, अशी कल्पना करा. फॉर्म्युला ई ही शर्यत साधारण अशीच चालते. आणि या शर्यतीत अगदी पहिल्या मोसमापासून एक भारतीय टीम आहे: महिंद्रा रेसिंग.

या टीमनं कोणत्या गाड्या चालवल्या, कोणते ड्रायव्हर आले-गेले, कुठे जिंकले आणि कुठे हातातली शर्यत सुटली, ते या लेखात एकत्र केलंय. सोबत त्यामागचं तंत्रही बघू, कारण बॅटरी समजल्याशिवाय या टीमचा इतिहास समजत नाही.

थोडक्यात माहिती

- स्पर्धा: फॉर्म्युला ई, पूर्णपणे इलेक्ट्रिक गाड्यांची जागतिक स्पर्धा
- पहिली शर्यत: १३ सप्टेंबर २०१४, बीजिंग
- पहिला पोडियम (पहिल्या तिघांत येणं): बीजिंग, ऑक्टोबर २०१५, निक हाइडफेल्ड
- पहिला विजय: बर्लिन, १० जून २०१७, फेलिक्स रोझेनक्विस्ट
- एकूण विजय: २०२४-२५ च्या मोसमापर्यंत ५
- टीम स्पर्धेतला सर्वोत्तम क्रमांक: तिसरा (२०१६-१७)
- अजून न मिळालेली गोष्ट: विजेतेपद

माझगावचा संबंध काय?

महिंद्राची सुरुवात २ ऑक्टोबर १९४५ ला 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावानं झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग जहाजानं मुंबईत यायचे. १९४९ मध्ये कंपनीनं माझगावात ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या जहाज कंपनीकडून सुमारे अकरा हजार चौरस यार्ड जागा भाड्यानं घेतली आणि तिथे भारतात जोडलेली पहिली विलीज जीप तयार झाली.

जागा माझगावातच का, याचं उत्तर नकाशात आहे. डॉकयार्ड रोड आणि रे रोड स्टेशनांच्या पूर्वेला आजही गोदीच आहे. पेट्या उतरवायच्या, जवळच जोडायच्या आणि गाडी रस्त्यावर आणायची. म्हणजे माझगावात गाडीची 'जोडणी' व्हायची, डिझाइन दुसऱ्याचं असायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण फॉर्म्युला ईमध्येही महिंद्राचा पहिला मोसम असाच होता: गाडी दुसऱ्यानं बनवलेली, आपण फक्त चालवायची. पुढची सगळी धडपड गाडीतले जास्तीत जास्त भाग स्वतःचे करण्याची आहे.

आधी बॅटरीचं गणित

बॅटरीत किती ऊर्जा मावते, हे किलोवॅट-अवरमध्ये मोजतात. घाबरू नका, लाइटबिलावर जे 'युनिट' लिहिलेलं असतं तेच हे. एक किलोवॅट-अवर म्हणजे एक युनिट.

५००० एमएएचच्या फोन बॅटरीत साधारण १९.२५ वॅट-अवर ऊर्जा असते (५ अँपिअर-अवर गुणिले ३.८५ व्होल्ट). सध्याच्या फॉर्म्युला ई गाडीला एका शर्यतीसाठी ३८.५ युनिट वापरायला मिळतात. भागाकार करून बघा: बरोबर २००० फोन. दोन हजार फोन पूर्ण चार्ज करायला लागणारी वीज तासाभरापेक्षा कमी वेळात संपते.

बॅटरी सगळ्या टीमना एकसारखीच मिळते. चेसिसही सारखंच. फरक पडतो तो टीमनं स्वतः बनवलेल्या भागांत: मोटर, इन्व्हर्टर, गिअरबॉक्स, मागचं सस्पेन्शन आणि सॉफ्टवेअर. तेवढ्याच विजेत कोण जास्त वेगानं जास्त लांब जातो, एवढाच प्रश्न असतो.

ब्रेक मारला की चार्जिंग

वीज वाचवायचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला, वळण यायच्या बरंच आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी नुसती वाहू द्यायची. याला 'लिफ्ट अँड कोस्ट' म्हणतात. सरळ रस्त्यावर गाडी अचानक मंद झालेली दिसली तर ती बिघडली असं समजू नका, ड्रायव्हर टक्के वाचवतोय.

दुसरा मार्ग रीजनरेटिव्ह ब्रेकिंग, थोडक्यात रीजेन. ब्रेक लावला की मोटर उलटं काम करते. चाकं मोटरला फिरवतात, मोटर जनरेटर होते आणि वीज बॅटरीत परत येते. हे तंत्र तुम्ही रोज वापरता: मुंबईच्या नव्या थ्री-फेज लोकल डॉकयार्ड रोडला थांबताना अशीच वीज तयार करून वरच्या तारेत परत सोडतात. लोकल तारेत सोडते, रेसिंग कार बॅटरीत साठवते, एवढाच फरक.

यातून किती मिळतं? ड्रायव्हरसह ८४० किलोची गाडी ताशी २०० किलोमीटरनं धावत असेल, तर तिच्या वेगात साधारण ०.३६ युनिट ऊर्जा असते. म्हणजे अठरा-एकोणीस फोन. सगळी परत येत नाही, पण प्रत्येक वळणावर थोडी थोडी जमा होत जाते. २०२३ पासूनच्या गाड्यांमध्ये शर्यतीत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी किमान ४० टक्के अशा ब्रेकिंगमधूनच येईल, असं डिझाइनचं उद्दिष्ट होतं.

आता टक्क्यांची किंमत बघा. समजा शर्यत ३० लॅपची आहे. म्हणजे एका लॅपला सरासरी ३.३ टक्के. ड्रायव्हरनं प्रत्येक लॅपला फक्त ०.१ टक्का जास्त जाळला, तर शेवटी ३ टक्के कमी पडतात. जवळजवळ एक अख्खा लॅप!

पहिली पिढी (२०१४ ते २०१८): एका शर्यतीत दोन गाड्या

पहिल्या मोसमात सगळ्या टीमकडे एकच गाडी होती, स्पार्क-रेनो एसआरटी_०१ई. वापरायला मिळायची सुमारे २८ युनिट ऊर्जा, आणि ती पूर्ण शर्यतीला पुरायची नाही. म्हणून प्रत्येक ड्रायव्हरला दोन गाड्या. अर्ध्यात पिटमध्ये यायचं, पहिल्या गाडीतून उतरायचं, धावत जाऊन दुसरीत बसायचं. लोकांना याचं हसू यायचं. इलेक्ट्रिक गाडीची सगळी टीका त्या एका दृश्यात मावत होती.

महिंद्राचे पहिले दोन ड्रायव्हर होते चेन्नईचा करुण चांडोक आणि ब्राझीलचा ब्रूनो सेना, म्हणजे आयर्टन सेनाचा भाचा. बीजिंगच्या पहिल्याच शर्यतीत चांडोक पाचवा आला. मोसमाअखेर टीम आठवी.

दुसऱ्या मोसमापासून टीमना स्वतःची पॉवरट्रेन बनवायची परवानगी मिळाली आणि महिंद्राची एम२इलेक्ट्रो आली. तेव्हापासून दर मोसमाला आकडा एकनं वाढत गेला: एम३, एम४ वगैरे. चांडोकच्या जागी फॉर्म्युला वनचा अनुभवी निक हाइडफेल्ड आला आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये बीजिंगलाच त्यानं तिसरा क्रमांक मिळवून दिला.

खरी उडी तिसऱ्या मोसमात. स्वीडनचा फेलिक्स रोझेनक्विस्ट टीममध्ये आला. १० जून २०१७ ला बर्लिनच्या जुन्या टेम्पेलहोफ विमानतळावर त्यानं महिंद्राला पहिला विजय मिळवून दिला. दुसऱ्या दिवशी त्याच ट्रॅकवर दुसरी शर्यत होती आणि रोझेनक्विस्टनं तीही पहिल्या क्रमांकावर संपवली. पण गाडी बदलताना पिटमधून त्याला धोकादायक पद्धतीनं बाहेर सोडलं, म्हणून १० सेकंदांची शिक्षा झाली आणि विजय सेबास्तियन बुएमीला गेला. बॅटरी लहान म्हणून गाडी बदलायची, आणि गाडी बदलताना शर्यत जायची! तरीही त्या मोसमात टीम तिसरी आली, ड्रायव्हरांमध्ये रोझेनक्विस्टही तिसरा.

चौथा मोसम आणखी जोरात सुरू झाला. डिसेंबर २०१७ मध्ये हाँगकाँगच्या दुसऱ्या शर्यतीत व्हेंचुरीचा एदोआर्दो मोर्तारा पुढे होता, तो शेवटच्या काही लॅपमध्ये घसरला. डॅनियल आब्ट पहिला आला, पण त्याच्या गाडीतल्या सुट्या भागांचे क्रमांक नोंदीशी जुळले नाहीत आणि तो बाद झाला. विजय रोझेनक्विस्टला. जानेवारी २०१८ मध्ये मर्राकेशला मात्र त्यानं बुएमीला ट्रॅकवर गाठून जिंकलं.

मग मेक्सिकोत आघाडीवर असताना गाडीची पॉवर गेली. रोममध्ये पुन्हा आघाडीवर असताना सस्पेन्शन तुटलं. टीम चौथ्या क्रमांकावर थांबली. विजेतेपदाच्या इतक्या जवळ महिंद्रा त्याआधी कधी गेली नव्हती. रोझेनक्विस्ट पुढे अमेरिकेत इंडीकारला गेला.

दुसरी पिढी (२०१८ ते २०२२): एक गाडी, शेवटचा टक्का

नव्या गाडीत ५२ युनिट वापरता येत होते. गाडी बदलणं बंद. सोबत 'अटॅक मोड' आला: ट्रॅकवरच्या ठरावीक पट्ट्यातून, नेहमीची रेषा सोडून गेलं की काही मिनिटं जास्त पॉवर मिळते. आणि शर्यत लॅपवर न चालता वेळेवर चालू लागली: ४५ मिनिटं आणि एक लॅप.

वेळेवर चालणारी शर्यत म्हणजे एकूण लॅप किती होणार हे आधी माहीत नाही. टक्क्यांचं गणित इथेच अवघड होतं.

जानेवारी २०१९, मर्राकेश. बीएमडब्ल्यूच्या दोन गाड्या पहिल्या-दुसऱ्या होत्या, आणि अंतोनियो फेलिक्स दा कोस्टा व अलेक्झांडर सिम्स हे सहकारी एकमेकांनाच भिडले. मागून आलेला बेल्जियमचा जेरोम डांब्रोसिओ जिंकला. महिंद्राचा चौथा विजय.

पुढच्याच महिन्यात, १६ फेब्रुवारी २०१९, मेक्सिको सिटी. फॉर्म्युला ई म्हणजे काय हे कुणाला एकाच व्हिडिओत दाखवायचं असेल तर मी या शर्यतीचा शेवटचा लॅप दाखवतो. महिंद्राचा पास्कल वेरलाइन पोलवरून निघाला आणि शेवटपर्यंत पुढे राहिला. मागे ऑडीचा लुकास दि ग्रासी चिकटलेला. शेवटच्या लॅपला निस्सानच्या दोन्ही गाड्यांची वीज संपली. वेरलाइनचीही संपत आलेली. त्यानं शेवटचं वळण घेतलं आणि गाडी ढकलल्यासारखी रांगायला लागली. समोर रेषा दिसतेय आणि पॉवर नाही. दि ग्रासी बाजूनं निघाला आणि रेषेच्या काही मीटर आधी पुढे गेला. वरून, वळण कापल्याबद्दल वेरलाइनला शिक्षा झाली आणि तो सहावा ठरला.

वेरलाइन हळू नव्हता. त्याला फक्त शेवटच्या काही शेकडो मीटरची वीज हवी होती.

हा घोटाळा एकट्या महिंद्राचा नव्हता. २४ एप्रिल २०२१ ला व्हॅलेन्सियात सेफ्टी कार वारंवार आली. नियमानुसार सेफ्टी कारच्या वेळेत वाचलेली ऊर्जा सगळ्यांच्या कोट्यातून कापली जायची. घड्याळात शून्य व्हायच्या जरासं आधी पहिल्या गाडीनं रेषा ओलांडली, त्यामुळे बहुतेकांच्या हिशेबापेक्षा एक लॅप वाढला. शेवटच्या लॅपला गाड्या एकामागोमाग मंदावल्या आणि हिशेब जमलेला नायक डी व्रीस जिंकला. तिसऱ्या पिढीपासून शर्यती पुन्हा लॅपवर आल्या.

दरम्यान वेरलाइन २०२० मध्ये मोसमाच्या मधेच बाहेर पडला. ब्रिटनचा अ‍ॅलेक्स लिन आला आणि २०२१ पासून सोबत सिम्स, मर्राकेशचा तोच. २५ जुलै २०२१ ला लंडनला दि ग्रासीनं सेफ्टी कार असताना पिटमधून जाऊन आघाडी घेतली. त्याला शिक्षा झाली, ती त्यानं भोगली नाही म्हणून काळा झेंडा मिळाला. शर्यत लिनची. हा महिंद्राचा पाचवा आणि २०२४-२५ पर्यंतचा शेवटचा विजय. पुढच्या वर्षी ऑलिव्हर रोलँड सोलला दुसरा आला.

तिसरी पिढी (२०२३ पासून): तळ आणि पुन्हा वर

या गाडीला पुढच्या चाकांवरही मोटर आहे. मागची ३५० किलोवॅटची, पुढची २५० ची, म्हणजे ब्रेकिंगमधून एकूण ६०० किलोवॅटपर्यंत वीज परत घेता येते.

२०२३ ला रोलँडसोबत आला दि ग्रासी. हो, मेक्सिकोत वेरलाइनला गाठणारा. त्यानं महिंद्राच्या एम९इलेक्ट्रोला पहिल्याच शर्यतीत पोल मिळवून दिला आणि तिसरा आला. कुठे? मेक्सिको सिटीत!

पण ही सुरुवात फसवी निघाली. ११ फेब्रुवारीला हैदराबादला भारतातली पहिली फॉर्म्युला ई शर्यत झाली, ती डीएस पेन्स्केच्या ज्याँ-एरिक व्हर्न्यनं जिंकली. दोन आठवड्यांनी केपटाउनला महिंद्राच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये सुरक्षेचा प्रश्न आढळला. महिंद्रानं आणि तिचीच पॉवरट्रेन वापरणाऱ्या आब्ट कुप्रानं शर्यतीतून माघार घेतली. गाड्या न उतरवण्याचा निर्णय नामुष्कीचा वाटतो, पण भिंतींच्या मधून जाणाऱ्या ट्रॅकवर सस्पेन्शन तुटणं म्हणजे काय, हे ड्रायव्हरला विचारा. निर्णय बरोबरच होता. मोसमाच्या मधे रोलँड गेला, रॉबेर्तो मेरी आला आणि टीम दहावी.

२०२४ ला दोन्ही ड्रायव्हर नवे: हाँगकाँगला घसरलेला मोर्तारा आणि व्हॅलेन्सिया जिंकलेला डी व्रीस. हैदराबादची त्या वर्षीची शर्यत रद्द झाली आणि टीम गुणतक्त्याच्या तळाशीच राहिली.

२०२४-२५ ला चित्र पालटलं. सुधारित गाडी 'जेन३ इव्हो' ० ते ताशी ६० मैलांचा वेग १.८२ सेकंदांत घेते आणि अटॅक मोडमध्ये चारही चाकांना पॉवर मिळते. फेब्रुवारी २०२५ मध्ये जेद्दाला 'पिट बूस्ट' आला: पिटमध्ये थांबून सुमारे ३० सेकंदांत ३.८५ युनिट, म्हणजे १० टक्के चार्ज. आपल्या हिशेबात २०० फोन अर्ध्या मिनिटात फुल. याच मोसमात त्याच दोन ड्रायव्हरांसोबत, एम११इलेक्ट्रो घेऊन महिंद्रा दहाव्या स्थानाच्या आसपासवरून थेट चौथी आली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे यातली एक गोष्ट मला जास्त भावते. नियमांनुसार टीमचं हार्डवेअर मंजुरीनंतर ठरावीक काळ गोठवलेलं असतं. मोटर आवडली नाही म्हणून पुढच्या महिन्यात बदलता येत नाही. बदलता येतं ते सॉफ्टवेअर: रीजेन कधी, किती, कुठल्या चाकावर, पॉवर किती हळू किंवा झटक्यात द्यायची. फोन तोच राहतो आणि अपडेटनंतर बॅटरी जास्त टिकते, तसंच.

नेहमी विचारले जाणारे दोन प्रश्न

*जग्वार तर टाटांची आहे. मग महिंद्रा एकमेव भारतीय टीम कशी?*
जग्वारची मालकी टाटांकडे आहे आणि टीमच्या नावात टीसीएसही आहे. पण ती टीम ब्रिटिश परवान्यावर उतरते. महिंद्राचा परवाना भारताचा आहे. मात्र महिंद्राच्या टीमचा तळही इंग्लंडमध्ये, बॅनबरीला आहे.

*चांडोकनंतर भारतीय ड्रायव्हर कोण?*
महिंद्रासाठी पूर्ण मोसम खेळलेला दुसरा भारतीय ड्रायव्हर २०२४-२५ पर्यंत झालेला नाही.

विजेतेपद का नाही?

ड्रायव्हरांची यादी नीट वाचा. दि ग्रासी २०१६-१७ चा विजेता, आब्टकडून. डी व्रीस २०२०-२१ चा, मर्सिडीजकडून. दोघं महिंद्रात आले ते त्यानंतर. वेरलाइन महिंद्रा सोडून पोर्शेत गेला आणि २०२३-२४ चा विजेता झाला. रोलँड महिंद्रा सोडून निस्सानमध्ये गेला आणि २०२४-२५ चा विजेता झाला. म्हणजे महिंद्राच्या सीटवर चार विजेते बसून गेले, पण त्यातला एकही तिथे असताना जिंकला नाही.

ड्रायव्हर कमी पडला असं म्हणायला त्यामुळे जागा उरत नाही. फरक गाडीत होता: तेवढ्याच विजेत दोन-चार टक्के जास्त काम काढणारी मोटर, न तुटणारं सस्पेन्शन, शेवटच्या वळणापर्यंत चुकत नाही असा हिशेब. माझगावात १९४९ ला भाग बाहेरून आणून गाडी जोडली तर पुरत होतं. इथे जो भाग स्वतः बनवायचा असतो, तोच निकाल ठरवतो.

पुढची शर्यत बघाल तेव्हा पहिला कोण आहे हे बघून झाल्यावर स्क्रीनवर ड्रायव्हरच्या नावाशेजारचा टक्क्यांचा आकडा बघा. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावरच्या गाडीकडे पहिल्यापेक्षा २ टक्के जास्त उरले असतील, तर शर्यत अजून संपलेली नाही.